नवी ई-सायकल: चढावर ठीक, सपाटीला हात बधिर

दसऱ्याला ई-सायकल घेतली. रोजचा रस्ता कोथरूड ते पाषाण: पौड रस्त्याने चांदणी चौक चढायचा, बावधनमधून पलीकडे उतरायचं. एका बाजूचे साधारण दहा किलोमीटर. पहिले चार दिवस फार आनंदात गेले. पाचव्या दिवशी ऑफिसला पोचले तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग बधिर होता. पेन धरताना बोट आपलं नाहीच असं वाटत होतं. पुढच्या आठवड्यात डावा हातही तसाच. शिवाय सीटवर पुढच्या बाजूला दुखायला लागलं, म्हणून सीटचं नाक खाली केलं. सीटचं दुखणं थांबलं, हात दुपटीने बधिर व्हायला लागले. हातांसाठी जाड स्पंजच्या ग्रिप घातल्या, तर मनगट दुखायला लागलं. मग गुडघ्याची पाळी.

जवळजवळ महिनाभर हेच चाललं होतं. एक दुखणं घालवायचं की दुसरं हजर. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत मिळून सात-आठ ई-सायकली आहेत, आणि जवळपास प्रत्येकाची हीच तक्रार थोड्याफार फरकाने ऐकली. दोघांच्या सायकली तर पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या होत्या. तीस-पस्तीस हजारांची वस्तू केवळ अंगाला बसली नाही म्हणून पडून राहावी, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

धागा कुठे सापडला

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. चांदणी चौकाच्या चढावर माझे हात कधीच बधिर व्हायचे नाहीत. दम लागायचा, मांड्या भरून यायच्या, पण बोटं ठीक. बावधन ओलांडून पाषाणकडच्या उताराला आणि सपाटीला लागलं की दहा मिनिटांत मुंग्या. म्हणजे जिथे कष्ट जास्त तिथे त्रास नाही, आणि जिथे मोटर जवळजवळ सगळं काम करते तिथे त्रास.

याचं कारण साधं आहे. सायकलवर आपलं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं: सीट, हँडल आणि पेडल. पायांनी जोर लावतो तेव्हा तो जोर उलटून आपल्याला वर उचलतो, त्यामुळे सीटवरचा आणि तळव्यांवरचा भार कमी होतो. साध्या सायकलवर हे सतत, नकळत होत असतं. ई-सायकलवर असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीची पायरी, पाचवर ठेवून सपाटीवर निघालं की पाय नुसते गोल फिरतात, पेडलवर वजन जवळपास नसतंच. ते सगळं सीटवर आणि तळव्यांवर येतं. आपल्याकडे नोंदणी आणि परवान्याशिवाय चालणाऱ्या ई-सायकलच्या मोटरला २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण सराव नसलेला माणूस तासभर आरामात देऊ शकतो ती ताकद १०० वॅटच्या आसपास असते. मोटर पूर्ण ताकदीने चालली की पायांना काम उरत नाही. निव्वळ थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता अंगठ्याने खटका दाबून, चालवणाऱ्यांचं तर आणखी कठीण, कारण त्यांचे पाय बिलकुल हलत नाहीत.

म्हणून साध्या सायकलवर चालून जाते अशी बसायची चूक ई-सायकलवर दहाव्या किलोमीटरला बोलायला लागते. आणि उलटही खरं आहे: सीट चुकीची असली तरी मोटर ओढून नेते, त्यामुळे पहिल्या चक्करमध्ये काही चुकतंय असं कळतच नाही. दुकानासमोर दोनशे मीटरची फेरी मारून 'छान आहे' म्हणत आपण पैसे देतो.

लगेच करून बघण्यासारखा एक उपाय इथेच सांगते. सपाटीवर असिस्ट दोन पायऱ्या खाली आणा आणि पायांना थोडं काम द्या. मी पाचवरून तीनवर आले, त्याच दिवशी मुंग्या निम्म्यावर आल्या. वेळ फार तर दोन-तीन मिनिटं जास्त लागला. पण हा अर्धाच उपाय. बाकीचा अर्धा पान्याने होतो.

आधी फुकटची दोन कामं

पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या उजव्या खांद्यावरची गोल खुंटी बघा. पुढचा शॉकअप लॉक करायची ती सोय असते. नव्या सायकलवर ती बरेचदा लॉकच असते आणि कोणी सांगत नाही. माझी तीन आठवडे लॉक होती. पुण्यातल्या प्रत्येक गल्लीत दोन गतिरोधक असतात, तो प्रत्येक धक्का थेट तळव्यात जात होता.

दुसरं म्हणजे हवा. टायरच्या बाजूला किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. माझ्या टायरवर ४० ते ६५ पीएसआय आहे. दुकानातून सायकल आली तेव्हा दोन्ही टायर ६० वर, दगडासारखे. माझं वजन ६२ किलो, सायकल २४ किलो, मोटर मागच्या चाकात. आता मागे ४८ आणि पुढे ४२ ठेवते. बावधनच्या खडबडीत पट्ट्यात जो थरथराट हातात यायचा, तो त्या एका बदलाने गेला. मात्र छापलेल्या किमान दाबाखाली जाऊ नका. खड्ड्यात टायर रिमला आपटतो, ट्यूब चिमटीत सापडते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मोटरच्या चाकाचं पंक्चर म्हणजे वायर सोडवा, १८ चा पाना शोधा, नट कोणत्या वॉशरनंतर होता ते आठवा. तो पाना मात्र घरात असू द्या. आणि हवा भरायला दाबाचा काटा असलेला पायपंप घ्या. पेट्रोलपंपावरच्या मशीनने सायकलच्या ट्यूबमध्ये नेमकी हवा भरणं अवघड जातं.

सीटची उंची: सगळ्यात मोठी चूक इथे

सायकल घेताना दुकानातल्या दादांनी सीट खाली केली आणि म्हणाले, "ताई, दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत. मोटरची गाडी आहे, सिग्नलला तोल जायला नको." त्यांचा हेतू चांगला होता, मलाही ते पटलं. वीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला पाय टेकल्याशिवाय चैन पडत नाही. मी बघितलेल्या बहुतेक ई-सायकलींची सीट याच कारणाने आठ-दहा सेंटीमीटर खाली असते.

सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीत फार वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. पाय पूर्ण लांब होत नाही, म्हणून पेडलवर वजन देता येत नाही. ते वजन कुठे जातं, हे वर सांगितलंच आहे. गुडघ्याचं आणि हाताचं दुखणं माझ्या बाबतीत एकाच बोल्टपाशी येऊन थांबलं.

योग्य उंची काढायची सोपी रीत टाचेची. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा, रोजचे बूट घालून. पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला झुकायला नको. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप २५ ते ३५ अंशांचा बाक येतो. तेवढाच हवा असतो.

मोजून करायचं असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक उभं धरून सीटसारखं घट्ट वर दाबा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. या मापाला ०.८८३ ने गुणायचं. येणारं अंतर म्हणजे क्रँकच्या (पेडल ज्या दांड्यांवर फिरतात त्यांच्या) मध्यबिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, सीटच्या दांड्याच्या रेषेत मोजलेली. हे गणित १९८६, १९८९ आणि १९९० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखलं जातं. माझी उंची ५ फूट ४ इंच, पायाचं माप ७४ सेंटीमीटर, म्हणजे उत्तर ६५.३. हे गणित शर्यतीच्या सायकलसाठी आलं, तेव्हा रहदारीत चालवणाऱ्याने त्याच्या एक सेंटीमीटर खालून सुरुवात करावी असं माझं मत आहे. मी ६४.५ वर स्थिरावले. दुकानातून आली तेव्हा सीट ५७ वर होती.

साडेसात सेंटीमीटर एका दिवसात वाढवू नका, भीती वाटेल आणि पोटऱ्या ओरडतील. मी दर चार दिवसांनी दीड सेंटीमीटर वाढवत गेले, तीन आठवडे लागले. जास्त वर गेली की लगेच कळतं: प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे हलते, किंवा गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ बसते. मागून कोणालातरी मोबाइलवर वीस सेकंद शूटिंग करायला सांगा. माझ्या मुलाने काढलेल्या शूटिंगमध्ये ६६ वर कंबर स्पष्ट हलत होती, मला स्वतःला जाणवतही नव्हती.

दांड्यावर एक आडवी रेघ असते. ती चौकटीच्या आतच राहिली पाहिजे, बाहेर दिसली तर दांडा वाकण्याचा किंवा चौकट तडकण्याचा धोका आहे. उंच माणसाला बरेचदा लांब दांडा घ्यावा लागतो. त्याच्या तळाशी जाडी कोरलेली असते, २७.२, ३०.९, ३१.६ मिलिमीटर अशी. नवा घेताना दशांशासकट तीच घ्यायची. जवळपासची चालणार नाही.

मग सिग्नलला काय करायचं?

ही शंका प्रत्येक जण विचारतो आणि ती रास्त आहे. थांबताना सीटवरून पुढे सरकून दोन पायांमध्ये चौकट घ्यायची, डावा पाय जमिनीवर, उजवा पेडलवर. बसल्या बसल्या पाय टेकायची सवय मोडायला मला आठवडा लागला. सकाळी सोसायटीच्या आवारात, असिस्ट शून्यावर ठेवून सराव केला.

पण ई-सायकलवर इथे एक वेगळी काळजी लागते. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त सायकलींत पेडल फिरतंय एवढंच सेन्सरला कळतं, किती जोराने ते कळत नाही. त्यामुळे थांबलेलं असताना पेडल थोडं फिरलं तरी मोटर उचल खाते. यावर उपाय म्हणजे थांबलेलं असताना ब्रेकचा लिव्हर हलका दाबून ठेवायचा. लिव्हरमध्ये मोटर बंद करणारं बटण असतं, ते दाबलेलं असेपर्यंत मोटर चालत नाही. निघताना पेडल पुढे-वर आणायचं, असिस्ट एकवर, ब्रेक सोडायचा आणि पाय दाबायचा. पहिली उडी कमी होते. तरीही सायकल फार झटक्याने निघत असेल, तर किती फेरीनंतर मोटर सुरू व्हावी हे काही डिस्प्लेमध्ये बदलता येतं; दुकानात विचारून घ्या. आणि सुरळीत चालणारी सायकल अचानक झटके द्यायला लागली, तर क्रँकजवळच्या चुंबकांच्या चकतीवर चिखल बसलाय का किंवा ती सैल झालीय का, ते आधी बघा.

सीट पुढे-मागे आणि नाकाचा कोन

सीटचं नाक खाली करणं ही माझी सर्वांत महागडी चूक. मोजलं तेव्हा ते सात अंश खाली होतं. त्या उतारावरून शरीर सतत पुढे घसरतं आणि ते थांबवायचं काम तळवे करतात. सीटवर सपाट फूटपट्टी ठेवून त्यावर मोबाइल ठेवा. मोबाइलमध्ये पातळी दाखवणारं अ‍ॅप असतंच. शून्यापासून सुरू करा, फार तर दोन-तीन अंश खाली. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर सीटचा आकार तुमच्यासाठी नाही, किंवा सीट फार उंच आहे.

पुढे-मागे ठरवायला ओळंबा लावायचा. दोऱ्याला नट बांधला की झाला ओळंबा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा आणि पुढच्या पायाच्या वाटीखालच्या हाडावरून दोरा सोडा. तो पेडलच्या अक्षाजवळ पडला की सुरुवातीला पुरेसं आहे. थोडा मागे पडला तर चालतो, आणि हात बधिर होणाऱ्याला तर मागेच बरा. सीट मागे असली की बुडाचा भार मागे राहतो आणि हात मोकळे होतात. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ढकलणारे खूप आहेत. तसं करू नका, गुडघ्यावर येतं. लांब हँडलचं उत्तर हँडलपाशीच आहे.

सीट मागे सरकवली की पेडलपासूनचं अंतर वाढतं, तेव्हा उंची पुन्हा एकदा टाचेने तपासून घ्या.

जाड जेलचं कव्हर घातलं असेल तर काढा. मऊ गादीत बसायची हाडं बुडतात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. बधिरपणा त्यानेच येतो. खरा प्रश्न रुंदीचा असतो. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा जिन्याच्या पायरीवर ठेवून त्यावर ताठ बसा, गुडघे थोडे वर. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्या. माझं १२.५ सेंटीमीटर आलं. ताठ बसून चालवणाऱ्याने त्यात तीनेक सेंटीमीटर मिळवावेत. सोबत आलेली सीट १९ ची होती, तिच्या कडा मांड्यांना घासत होत्या. आता साडेपंधराची आहे, दिसायला कडक, आणि तासभर बसून उठलं तरी काही जाणवत नाही.

आता हँडल

सीट पक्की झाल्याशिवाय हँडलला हात लावू नका. मी उलट क्रमाने गेले म्हणून महिना वाया गेला.

चाकाचा आकार आणि चौकटीचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात '२७.५ ची आहे, तुम्हाला बरोबर बसेल' म्हणतात ते चाकाबद्दल असतं. चौकट बहुतेक मॉडेलमध्ये एकाच मापाची मिळते आणि ती साडेपाच फुटांच्या वरच्या माणसासाठी आखलेली असते. म्हणून माझ्यासारख्यांना हँडल लांब आणि रुंद वाटतं. आखूड आणि वर वळलेला स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) घातला की दोन्ही बाजूंनी फायदा होतो. घेण्याआधी हँडलच्या मध्याची जाडी मोजा. जाड हँडल ३१.८ मिलिमीटरचं असतं, जुन्या पद्धतीचं २५.४. स्टेम बदलल्यावर हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून बघा. ब्रेक आणि गिअरच्या केबलसोबत ई-सायकलवर डिस्प्लेची, थ्रॉटलची आणि लिव्हरच्या बटणाची वायर असते, त्यांतली एक जरी ताणली गेली तरी पावसाळ्यात तिथेच बिघाड येतो. स्टेमचे बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळायचे. हे काम पहिल्यांदा माहितगाराकडून करून घेतलेलं चांगलं.

कोणतं बोट बधिर होतंय, यावरून बरंच कळतं. करंगळी आणि अनामिका असेल तर तळव्याच्या बाहेरच्या गादीवर भार येतोय. अशा वेळी सीटचा कोन, हँडलची उंची आणि पंखासारखी चपटी ग्रिप यांचा उपयोग होतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगट मागे मोडलेलं राहतंय. आमच्या सोसायटीतल्या अडुसष्ट वर्षांच्या काकांचा हा दुसरा प्रकार होता. त्यांच्या ब्रेकचे लिव्हर जमिनीला समांतर होते, म्हणून बोटं लिव्हरवर ठेवायला मनगट वर मोडावं लागायचं. अ‍ॅलन कीने लिव्हर सुमारे चाळीस अंश खाली फिरवले, कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ आली, आणि त्यांचं काम दहा मिनिटांत झालं. पण काकांना मधुमेह आहे आणि रात्री झोपेतही मुंग्या यायच्या, म्हणून त्यांना डॉक्टरांकडेही पाठवलं. सायकलवरून उतरून काही तास झाले तरी बधिरपणा जात नसेल किंवा हातातून वस्तू सुटत असेल, तर पाना बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

लिव्हर फिरवताना एक गंमत नसलेला घोळ होतो, तो सांगून ठेवते. बोटं लहान असतील तर लिव्हर जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. तो जास्त आत फिरवला की लिव्हर पूर्ण मागे येत नाही, आतलं बटण दाबलेलंच राहतं, आणि मोटर चालू होत नाही. डिस्प्ले सुरू, बॅटरी भरलेली, मोटर गप्प. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंनी याच कारणासाठी सायकल टेम्पोत घालून दुकानात नेली होती. लिव्हर किंवा स्क्रूला हात लावल्यानंतर मोटर बंद पडली, तर पहिला संशय याच बटणाचा घ्या.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर कारण बहुतेक थ्रॉटल. तो अर्धा तास दाबून धरायची वस्तू नाही. निघताना आणि चौकात वापरा, बाकी वेळ पेडल असिस्टवर राहा. पाठीवरची सॅकही उतरवा. लॅपटॉप आणि डबा मिळून चार-पाच किलोंचा भार शेवटी तळव्यांवरच येतो. कॅरिअरला बाजूची पिशवी लावली की तो सायकल वाहते.

गिअर विसरू नका

मोटर आहे म्हणून सातव्या गिअरवरच निघायची सवय लागते. पाय जड, संथ फिरतात आणि गुडघा तक्रार करतो. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला ६० ते ७५ फेऱ्या असाव्यात. मी मोजले तेव्हा ४४ होत्या. आता कोथरूड डेपो मागे पडला की चढ लागायच्या आधीच तिसऱ्यावर येते. चढात जोर लावत गिअर बदलला की साखळी कडकडते आणि लवकर झिजते. मागच्या चाकातल्या मोटरलाही चाक बरं फिरत असलं की सोपं जातं, रांगत चढताना ती नुसती तापते.

सगळं जमल्यावर त्रास परत आला तर

हे माझ्याबाबतीत दोनदा झालं. पहिल्यांदा फेब्रुवारीत. काहीच बदललं नव्हतं, तरी गुडघा दुखायला लागला. टेप लावून मोजलं तर सीट ६४.५ वरून ६२ वर आली होती. दांडा रोज मिलिमीटर-मिलिमीटर खाली सरकत होता. पटकन उघडणाऱ्या कड्याचा खटका सैल होता आणि दांड्याला ग्रीस जास्त लागलं होतं. दांडा काढून कापडाने कोरडा पुसला, ग्रीसचा अगदी पुसट हात दिला, आणि खटक्याच्या जागी अ‍ॅलन कीने आवळायचं कडं बसवलं. चोरीची भीतीही कमी झाली. दांड्यावर चौकटीच्या अगदी वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. टेपची कडा दिसेनाशी झाली की सीट खाली गेली, हे बसण्याआधीच कळतं. पावसाळ्यात दोनदा दांडा बाहेर काढून पुसते, नाहीतर आत पाणी साचून तो चौकटीत अडकून बसतो.

दुसऱ्यांदा सर्व्हिसिंगनंतर. चाचणीची फेरी मारताना कोणीतरी सीट खाली केली होती, लिव्हर सरळ केले होते आणि टायर पुन्हा ६० वर भरले होते. आता सायकल द्यायला जाण्याआधी तीन फोटो काढते: बाजूने एक, हँडलचा वरून एक, आणि टेपच्या कडेचा जवळून एक. माझे आकडे, म्हणजे ६४.५, शून्य अंश, ४८ आणि ४२, चार्जरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. परत घेताना दुकानाच्या दारातच टेपची कडा बघते, लिव्हर बघते, टायर अंगठ्याने दाबते. अ‍ॅलन की कॅरिअरच्या पिशवीत असते.